बुऱ्हाणपूरच्या कुंड्या आणि पाहुण्याचे पाचशे रुपये

बुऱ्हाणपूर शहरातून सातपुड्याच्या दिशेनं बाहेर पडलं की रानात विहिरींची गोल तोंडं दिसू लागतात. एक दिसली की थोड्या अंतरावर दुसरी, मग तिसरी, सगळ्या एका ओळीत. इतक्या जवळजवळ आणि इतक्या शिस्तीत विहिरी कोण खणेल? उत्तर जमिनीखाली आहे. लिफ्टनं सुमारे 80 फूट खाली उतरायचं. वरचं ऊन, धूळ, गाड्यांचे आवाज सगळं वरच राहतं. खाली गारवा, क्षार साचून संगमरवरासारख्या पांढऱ्या झालेल्या भिंती आणि पायाशी वाहतं पाणी. चारशे वर्षं झाली, ते वाहतंच आहे.

हा कुंडी भंडारा, लोकांच्या तोंडी खूनी भंडारा. अब्दुर्रहीम खानखाना बुऱ्हाणपूरचा सुभा सांभाळत होता तेव्हा, 1615 च्या सुमारास, त्याचं काम झालं. ते करणाऱ्या इराणी जाणकाराचं नाव तबकतुल अर्ज असं सांगतात, आणि त्या शब्दांचा अर्थच ‘जमिनीचे थर’ असा होतो. सातपुड्यावर पडलेला पाऊस मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतो. ते पाणी नदीला मिळायच्या आत वाटेत अडवायचं, बोगद्यात घ्यायचं आणि बोगद्याला इतका हलका उतार द्यायचा की ते आपलं आपण शहराकडे चालत येईल. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. वर दिसणाऱ्या शंभराहून अधिक कुंड्या म्हणजे या बोगद्याला हवा-उजेड मिळावा आणि माणसाला आत उतरता यावं म्हणून ठेवलेली तोंडं. इराणात अशा रचनेला कनात म्हणतात.

एका कुंडीतलं पाणी पुढच्या कुंडीत, तिथून त्याच्या पुढच्या. वरच्या अंगाला झरा आटला तर खालच्या कुंडीपाशी भांडं घेऊन बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता लगेच लागत नाही. पण लागतोच. 2020 साली कोविडच्या साथीत पाहुण्यांवर जगणाऱ्या गावांचं काय झालं हे समजून घेताना मला या कुंड्यांइतका सोपा नकाशा दुसरा सापडला नाही.

बुऱ्हाणपूर हे मुळातच वाटसरूंचं गाव. तापीचा उतार, समोर सातपुड्यातली खिंड आणि खिंडीवर पहारा ठेवणारा असीरगड. उत्तरेतून दख्खनेत यायचं तर इथूनच. सुरतेच्या बंदरातून आग्र्याला जायचं तरी इथूनच. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी हे शहर वसवलं आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. ते संत विसावले आहेत आपल्या खुलताबादेत. जानेवारी 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि बुऱ्हाणपूर मोगलांचं दख्खनेतलं मोठं ठाणं झालं. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेले मिर्झाराजे जयसिंग 1667 मध्ये इथंच वारले. त्यांची छत्री अजून उभी आहे. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडच्या वाटेवर इथं थांबले. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए यानं इथल्या तलम, पारदर्शक कापडाची नोंद केली. ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, कैरोपर्यंत जात होतं. 1681 च्या सुरुवातीला मराठ्यांच्या फौजा बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर चालून आल्या त्या उगाच नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी इथं किती पैसा ठेवला होता, त्याचाच तो दाखला.

आजचं बुऱ्हाणपूर केवळ पर्यटनावर जगतं असं म्हणणं खरं होणार नाही. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 2 लाख 10 हजारांच्या घरात होती, आणि त्यातल्या पुष्कळांची चूल यंत्रमागावर पेटते. भोवतालच्या शिवारात केळी. तिसरा आधार पाहुण्यांचा: दर्गा-ए-हकीमीला येणारे दाऊदी बोहरा भाविक, बड्या गुरुद्वाऱ्याला येणारे शीख यात्रेकरू, शाही किल्ला, हमाम, असीरगड पाहायला येणारे हौशी लोक. कापड, केळी आणि पाहुणा हे तिन्ही एकाच गावात असणं मला फार मोलाचं वाटतं, कारण संकटात या तिघांचं वागणं किती वेगळं असतं ते इथं शेजारी-शेजारी पाहता येतं.

माग थांबला, व्यापारी आला नाही, तरी विणलेलं कापड ठाणात राहतं. भाव पडेल, व्याज चढेल, पण सहा महिन्यांनी ते विकता येतं. केळीला इतकी सवड नाही. घड कापला की आठ-पंधरा दिवसांत त्याचं सोनं तरी होतं नाहीतर खत तरी. आणि पाहुण्याचं काय? लॉजमधली आज रात्रीची खोली उद्या विकता येत नाही. ती सकाळी सहाला संपते, सडायलाही मागे उरत नाही. रिक्षातली रिकामी जागा, गाइडचा एक तास, खानावळीतलं एक ताट यांना गोदाम नसतं. पर्यटनात विकली जाते ती वेळ, आणि वेळेची थप्पी लावून ठेवता येत नाही.

शिवाय पाहुणा चुकलेल्या भेटीची नंतर भरपाई करत नाही. चुकलेलं लग्न पुढच्या मुहूर्तावर होतं. फाटलेला सदरा वर्षभर चालवला तरी शेवटी नवा घ्यावाच लागतो. पण ज्यानं 2020 ची जियारत, म्हणजे दर्ग्याची यात्रा, चुकवली तो 2021 मध्ये दोन खोल्या घेऊन दोन ताटं जेवत नाही. जी रात्र गेली ती गेली.

आता पाहुण्याचे पाचशे रुपये घेऊ. समजा, मुंबईहून आलेल्या एका कुटुंबानं दिवसभराच्या फिरण्यासाठी ते रिक्षावाल्याला दिले. आकडा सोयीसाठी धरू या की गावात कुणाच्याही हाती रुपया आला की त्यातले 60 पैसे तो गावातच खर्च करतो. उरलेले 40 डिझेल, मोबाइलचा रिचार्ज, बाहेरगावचा माल, कर्जाचा हप्ता अशा वाटांनी बाहेर जातात. मग रिक्षावाल्याकडून 300 रुपये किराणावाल्याकडे, भाजीवालीकडे, मुलाच्या शिकवणीकडे. त्यांच्याकडून 180 पुढे. मग 108. मग 65 च्या आसपास. धार बारीक होत जाते, पण बेरीज करत गेलं तर पाचशेच्या एका नोटेनं गावात साडेबाराशे रुपयांची उलाढाल झालेली असते! अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात. एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जाताना दर ठिकाणी कुणाचं तरी भांडं भरतं.

यात एक गोष्ट मला कायम चकित करते. पाहुण्यानं खर्च किती केला यापेक्षा कशावर केला यानं गावाचं नशीब ठरतं. गाडीच्या टाकीत दोन हजारांचं डिझेल भरलं तर त्यातला बराचसा पैसा त्याच दिवशी गाव सोडतो. शंभर रुपयांची मावा जिलेबी घेतली तर? खवा जवळपासच्या गवळ्याच्या दुधाचा, कढईवर उभा राहणारा हात गावातला, दुकानाचं भाडं गावातलं. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी आणि दराबा ही नुसती चवीची गोष्ट राहत नाही. त्या बोगद्याच्या कमी गळणाऱ्या भिंती आहेत.

आता वरच्या कुंडीवर झाकण पडलं तेव्हाचं पाहू. जागतिक आरोग्य संघटनेनं 11 मार्च 2020 ला कोविडला महामारी म्हटलं. 17 मार्चला पुरातत्त्व खात्यानं देशभरातल्या आपल्या संरक्षित वास्तू बंद केल्या, असीरगडापासून ताजमहालापर्यंत. 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून प्रवासी रेल्वे थांबली. 25 मार्चपासून टाळेबंदी. प्रार्थनास्थळं 8 जूनपर्यंत कुठंच उघडायची नव्हती. दर्गा-ए-हकीमीतले सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांचा उर्स शव्वाल महिन्यात, रमजान ईदनंतर लगेच येतो. त्या वर्षी ईद मे महिन्याच्या शेवटी आली, म्हणजे नेमकी कुलुपाच्या काळात. तिकडे सुमारे 500 किलोमीटरवर, मुंबईत मोहम्मद अली रोडला रमजानच्या रात्री बुऱ्हाणपूरच्या नावावर जी जिलेबी विकली जाते, त्या कढयाही त्या वर्षी थंड राहिल्या.

देशाचे आकडे पाहिले की या झाकणाचं वजन कळतं. भारतात 2019 मध्ये 1 कोटी 9 लाख परदेशी पर्यटक आले होते. 2020 मध्ये 27 लाख, 2021 मध्ये 15 लाख. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे एनसीएईआरच्या अभ्यासानुसार 2020 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत पर्यटनातले 1 कोटी 45 लाख रोजगार बुडाले; पुढच्या तिमाहीत 52 लाख, त्यापुढच्या तिमाहीत 18 लाख. त्याआधी या क्षेत्रात थेट काम करणारे अंदाजे 3 कोटी 48 लाख होते. तीन महिन्यांत पाचांतले दोन जण घरी! एखादा कारखाना बंद पडला तर त्याच्या फाटकाबाहेर गर्दी जमते, फलक लागतात, बातमी होते. रिक्षा, हारफुलं, गाइड, खानावळ यांना फाटकच नसतं. माणसं एकेकटी आपापल्या उंबऱ्याच्या आत बेकार होतात.

पाहुण्यांवर जवळजवळ संपूर्ण अवलंबून असलेलं गाव पाहायचं तर पंढरपूर. तिथं चिरमुरे, कुंकू-बुक्का, तुळशीच्या माळा, फोटो, टाळ-वीणा, मठांमधल्या खोल्या हे सगळं चार वाऱ्यांच्या तालावर चालतं, आणि आषाढीची कमाई वर्षाला पुरवायची असते. 2020 मध्ये 17 मार्चला मंदिर बंद झालं. चैत्री, आषाढी, कार्तिकी तिन्ही वाऱ्या भाविकांविना झाल्या. 30 जूनला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला पोचल्या. श्रद्धेची परंपरा तुटली नाही, याचं समाधान अनेकांना वाटलं आणि ते योग्यच होतं. पण त्या रस्त्यावर एरवी लाखो पावलं चालतात, आणि त्या प्रत्येक पावलामागे कुठंतरी चहाचा एक कप, चपलेचा एक टाका, उसाच्या रसाचा एक पेला असतो. तो सगळा बोगदा त्या वर्षी कोरडा होता. बुऱ्हाणपूरला निदान माग आणि केळी होती. पंढरपूरला विठ्ठलाखेरीज दुसरं पीक नाही.

तरी मागांचाही भरवसा पुरा नव्हता. बुऱ्हाणपूरची ताप्ती मिल ही केंद्र सरकारच्या मालकीची जुनी कापडगिरणी 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि टाळेबंदी उठली तरी तिचा भोंगा वाजला नाही. थांबवणं सोपं आणि चालू करणं अवघड, हे यंत्रांनाही लागू पडतं.

रस्ते मात्र पुरते ओस नव्हते. मे 2020 मध्ये बुऱ्हाणपूरच्या पश्चिमेला, सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात, महाराष्ट्रातून उत्तरेकडे निघालेल्या हजारो मजुरांची गर्दी झाली होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. उत्तर-दक्षिण जोडणाऱ्या या मुलखातून शतकानुशतकं वाटसरू चालत आले, पण ज्यांच्या खिशात काहीच नाही असे वाटसरू इतक्या संख्येनं आपल्या पिढीनं पाहिले नव्हते. त्यांना खिचडी वाढणारे हात वाटेवरच्याच गावांतले होते.

बुऱ्हाणपूरनं असं दृश्य आधी पाहिलेलं आहे. 1630 ते 1632 या काळात गुजरात-दख्खनेत भयानक दुष्काळ पडला आणि त्यामागून रोगराई आली. शाहजहान तेव्हा स्वतः बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. याच मुक्कामात 17 जून 1631 ला मुमताजमहल बाळंतपणात गेली. तापीपलीकडे झैनाबादच्या आहूखान्यात तिला आधी पुरलं आणि डिसेंबरमध्ये शव आग्र्याला नेलं. हमामातल्या छताकडे बोट दाखवून ‘ताज इथंच व्हायचा होता’ असं इथले लोक सांगतात. मला मात्र त्या वर्षीची दुसरी एक नोंद जास्त हलवून जाते. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की बादशहानं बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेच्या मुलखात लंगर उघडायला लावले, आणि बुऱ्हाणपुरात असेपर्यंत दर सोमवारी 5,000 रुपये गरजूंना वाटायचा हुकूम दिला. सोमवार, कारण तो त्याच्या राज्यारोहणाचा वार. असे वीस सोमवार झाले. एकूण एक लाख रुपये.

एका शहरात, ठरलेल्या वारी, रोख पैसे! साथ किंवा दुष्काळ आला की गरिबाला धान्य द्यावं की पैसे, हा वाद आजही चालतो. 1631 मध्ये बाजारात धान्यच नव्हतं. नुसते पैसे वाटले असते तर उरलंसुरलं धान्य आणखी महाग झालं असतं, म्हणून लंगर हवेच होते. 2020 मध्ये चित्र नेमकं उलटं होतं. सरकारी गोदामं भरलेली होती, आणि एप्रिलपासून सुमारे 80 कोटी लोकांना माणशी महिना 5 किलो धान्य मोफत मिळू लागलं. आटली होती ती रोकड. महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा 500 रुपये आले. फेरीवाल्यांसाठी जूनमध्ये स्वनिधी योजना आली, 10,000 रुपयांच्या कर्जाची. आणि पर्यटनासाठी म्हणून खास मदत जाहीर व्हायला 28 जून 2021 उजाडला: मान्यताप्राप्त गाइडला एक लाखापर्यंत आणि प्रवासी कंपनीला दहा लाखांपर्यंत हमीचं कर्ज.

पुन्हा एक लाख. हा आकडा पाहून मी थबकलो. केंद्राच्या आणि राज्यांच्या यादीत असलेले गाइड देशभरात 10,700 च्या आसपास धरले होते. यादीत ज्याचं नाव आहे त्याला या कर्जानं श्वास मिळाला असेल. पण कुंडीपाशी विजेरी घेऊन उभा राहणारा पोरगा, दर्ग्याबाहेर जिलेबीची पुडी बांधणारी बाई, असीरगडाच्या पायथ्याशी चहाची टपरी टाकणारा म्हातारा यांची नोंद कुठल्या वहीत असते? आणि ज्याची कमाईच थांबली आहे त्याला कर्ज देणं म्हणजे आटलेल्या कुंडीत बादली मोठी सोडणं. मला वाटतं, त्या वर्षी अशा माणसांना सोमवार हवा होता.

साथ आणि प्रवास यांचं नातं बुऱ्हाणपूरच्या रेल्वेनंही पाहिलं आहे. 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गानं जोडले गेले आणि बुऱ्हाणपूर त्या वाटेवर आलं. 1918 चा इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला आणि याच रुळांवरून देशात पसरला. बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, आणि साथीनं सर्वांत जास्त झोडपलेल्या प्रांतांपैकी तो एक होता. भारताची लोकसंख्या दहा वर्षांत घटली असं जनगणनेच्या इतिहासात एकदाच घडलं, ते 1911 ते 1921 या दशकात. तेव्हा गाड्या चालू राहिल्या आणि माणसं गेली. शंभर वर्षांनी गाड्या थांबवून माणसं वाचवायची ठरवली, आणि त्या वाचवण्याची किंमत सगळ्यात आधी त्यांनी मोजली ज्यांचं पोट येणाऱ्या गाडीवर होतं. ही किंमत मोजू नये असं मी म्हणणार नाही. ती कुणी मोजली याची आठवण मात्र देशानं ठेवायला हवी.

कुंडी भंडाऱ्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. उन्हाळाभर तापलेल्या सातपुड्यावर मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा कुंडीतलं पाणी लगेच वाढत नाही. वरची तहानलेली माती तो पाऊस आधी स्वतः पिते. भेगा भरतात, थर भिजतात, आणि मग कधीतरी खाली पहिला थेंब सुटतो. 21 सप्टेंबर 2020 ला ताजमहाल दिवसाला 5,000 माणसांच्या मर्यादेसह पुन्हा उघडला. 2021 च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलपं लागली, पुन्हा निघाली. पाहुणे परतले तेव्हा लोक म्हणाले, चला, धंदा सुरू झाला. पण रिक्षावाल्याच्या हातातले पहिले पाचशे रुपये पुढच्या कुंडीत गेलेच नाहीत. ते गेले थकलेल्या हप्त्याला. दुसरे पाचशे किराणावाल्याच्या जुन्या उधारीला, आणि त्यानं ते आपल्या घाऊक व्यापाऱ्याच्या जुन्या उधारीला. साठ पैसे गावात फिरण्याऐवजी दहा-वीसच फिरत होते. पाहुण्यांची संख्या कागदावर पूर्ववत दिसते आणि गल्लीतला शेवटचा माणूस तरी म्हणतो, अजून बरकत नाही. तो खोटं बोलत नसतो. माती अजून पीत असते.

मार्च 2024 मध्ये खूनी भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला, मध्य प्रदेशातल्या आणखी पाच स्थळांबरोबर. यादीत नाव लागलं की लोक कुतूहलानं येतात, मुक्काम करतात, एक रात्र जास्त राहतात. या भंडाऱ्याला भावंडंही आहेत: मूल भंडारा, सुखा भंडारा आणि चिंताहरण भंडारा. कुणी बुऱ्हाणपूरला निघालं तर माझं एवढंच सांगणं, की सकाळी लवकर जा, खाली उतरा, पाण्यात पाय घाला, आणि वर आल्यावर गावातल्याच कढईवरची गरम जिलेबी घ्या. उतरवणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा. आणि शक्य असेल तर रात्री तिथंच राहा.